पळीभर तेल

पाऊस उघडला, की आमच्याकडे भाताला वास सुटतो आणि मला प्लगपान्याची आठवण होते. आळीतल्या बाकीच्या बायका या दिवसांत विळ्यांना धार लावून आणतात, गोधड्या उन्हात घालतात, कणग्या झाडतात. मी गोठ्यात जाते. गोठा म्हणायचा तो सवयीनं. जनावर त्यात एकही नाही. तिथं आमची जुनी मोटारसायकल पावसाळाभर पोत्याखाली उभी असते. पोतं काढायचं, इंजिनाच्या डोक्यावरची धूळमाती फडक्यानं नीट पुसून घ्यायची, नाहीतर प्लग काढला की ती सगळी आत पडते. मग प्लगवरची टोपी ओढायची, पाना बसवायचा आणि दांडी डावीकडं दाबायची. पहिला आटा सुटताना बारीक ‘कुर्र’ आवाज होतो. त्या आवाजासाठी मी वर्षभर थांबते असं म्हटलं, तर आमच्या सूनबाई म्हणतील, सासूबाईंना हल्ली काहीही सुचतं.

गेल्या रविवारी अशीच प्लग हातात घेऊन उंबऱ्यावर बसले होते. समोर तिकोणा ढगातून नुकताच डोकं बाहेर काढत होता. किल्ल्यावर निघालेल्या पोरापोरींची एक गाडी दारात थांबली. एका मुलीनं काच खाली केली. “आजी, तुम्ही स्वतः रिपेअर करता? सो स्वीट! एक व्हिडिओ काढू?”

“काढ की,” म्हटलं. “पण आधी तुमचं चाक माझ्या उडदाच्या वाळवणावरनं काढ.”

गाडी मागं घेतली गेली, हसणं झालं, व्हिडिओ झाला. जाता जाता तिनं विचारलं, “हे शिकलात कुणाकडून?” मी म्हटलं, “सासूमुळं.” ती पुन्हा “सो स्वीट” म्हणाली. खोटं नव्हतं माझं. पण सगळं सांगायला बसले असते, तर त्यांचा किल्ला राहिला असता. तुम्हाला कुठं चढायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

प्लग दिसायला अगदीच किरकोळ वस्तू. वर पांढरी चिनी माती, मधे लोखंड, खाली आटे, आणि टोकाला एक वाकडी नखी. त्या नखीच्या आणि मधल्या दांडीच्या फटीत ठिणगी पडते. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा अडकत अडकत जाईल एवढीच फट. जास्त झाली तर ठिणगीला उडी जमत नाही, कमी झाली तर ती उडायच्या आधीच विझते. इंजिनाच्या पोटात काय चाललंय ते टोकाच्या रंगावरनं कळतं. दुधाच्या चहासारखा तपकिरी असेल, तर सगळं खुशाल. पांढराफटक पडला असेल, तर आत जाळ जास्त झालाय. आणि काळा, ओला, चिकट असेल, तर समजावं की कुणीतरी फार माया लावतंय.

हे शेवटचं वाक्य कुठल्या गॅरेजात ऐकायला मिळणार नाही. ते मी एका भाताच्या हंगामात शिकले.

त्या हंगामातली मी आज दारात येऊन उभी राहिली, तर मी तिला पाणीसुद्धा विचारणार नाही. तळेगावची पोर, बारावी पास, आणि बारावी म्हणजे जणू बॅरिस्टरीच. अंगावर जॉर्जेटची साडी, नखांना डाळिंबी रंग, डोळ्यांवर एवढा मोठा काळा गॉगल. मोटारसायकलवर मागं एका बाजूला बसून लोणावळ्याला निघाले, की पवनेच्या पाण्यावरची पाखरंसुद्धा माझ्याकडंच बघतायत असं मला वाटायचं. गॉगलातनं रस्ता नीट दिसायचा नाही, म्हणून खड्डा आला की मी आधी ओरडायचे आणि मग कळायचं की ती सावली होती. “आगं, काढ ते झापड,” आत्याबाई म्हणायच्या. सासूला आमच्यात आत्याबाई म्हणतात. “बैलाला बी येवढं बांधत न्हाईत.”

मोटारसायकल माझ्या हट्टापायी आली असं मी माहेरी सांगत असे. खरं कारण होतं कारखान्यातली पहिली पाळी. आमचे हे लोणावळ्यात एका कारखान्यात हंगामी होते. तिकोणा पेठेतनं सुटणारी सकाळची एसटी त्यांना कधीच वेळेत पोचवायची नाही. पायी जायचं तर अर्धी रात्र चालण्यात. म्हणून घरातली बैलजोडी, पाखऱ्या आणि हरण्या, विकली आणि कुणाचीतरी वापरलेली टू-स्ट्रोक मोटारसायकल घेतली. नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर मिळत होता. हिशेबात कुठं चूक नव्हती. फक्त आत्याबाईंना ते कुणी विचारलं नव्हतं.

बैल गेले त्या दिवशी त्या रडल्या वगैरे नाहीत. पण पहाटे कोंबड्याच्या आधी उठून भिजवलेल्या पेंडीचा गोळा जोडीला भरवायचा, हा त्यांचा कित्येक वर्षांचा परिपाठ होता. पेंड संपली, उठणं संपलं नाही. त्या उठायच्या, गोठ्यात जायच्या, गव्हाणीपाशी उभ्या राहायच्या. गव्हाणीला तोंड लावून मोटारसायकल उभी असायची. दोघी एकमेकींकडं बघत असाव्यात.

आमच्या मावळात बैलपोळा भाद्रपदाच्या अमावस्येला येतो. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले बैलाचे खांदे लोण्या-हळदीनं मळायचे, त्याला उद्याच्या दिवसाचं आवतण द्यायचं. त्या वर्षी ज्याच्या त्याच्या गोठ्यात हळदीचा वास, आणि आमच्या गोठ्यात पेट्रोलचा. तिन्हीसांजेला आत्याबाई वाटी घेऊन आत गेल्या. मी मागनं डोकावले. त्यांनी हँडलच्या दोन्ही बाजू लोण्या-हळदीनं सावकाश मळल्या, जसं काही खालची हाडं दुखत होती. मग हेडलाइटवर हात ठेवून म्हणाल्या, “उंद्या आमच्याकडं जेवायला या बरं का.”

मी तोंडात पदर कोंबून हसले. इतकी हसले की मला उचकी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी किक मारून ॲक्सिलरेटर पिळला आणि हात सटकून कोपर गव्हाणीवर आपटलं, तेव्हा पुन्हा हसले. बारावी पास होते ना, मला सगळंच कळत होतं.

पोळ्यानंतर गाडीनं रुसायला सुरुवात केली. आधी निळा धूर. मग दुधिवरे खिंडीच्या चढाला खोकला. मग ऐन चढात बंद. हे तिला ढकलत खिंडीच्या माथ्यावर न्यायचे, पलीकडच्या उतारावर कशीबशी चालू करायचे आणि घामानं निथळत कारखान्याच्या फाटकाशी पोचायचे, तोवर भोंगा होऊन गेलेला. एकदा झालं, पुन्हा झालं. साहेबांनी बोलावून सांगितलं, “दिवाळीला चार-दोन माणसं कायम करायची आहेत. तुझं काम चांगलं आहे. पण वेळेवर न येणाऱ्याला मी कायम करणार नाही. ब्रेक देईन.” ब्रेक म्हणजे घरी बसा, पुन्हा बोलावू तेव्हा या. बैल विकून झालेले, शेत बेताचं, आणि आता ब्रेक. हे घरी आले आणि जेवता जेवता मधेच थांबले. आत्याबाईंनी ताटात आणखी भात वाढला. काही झालं की त्यांच्याकडं एवढाच इलाज होता, वाढणं.

रविवारी गाडी लोणावळ्यातल्या मेकॅनिककडं नेली. तो स्वतःला उस्ताद म्हणवून घ्यायचा आणि गिऱ्हाइकाला शेठ. प्लग बाहेर काढून त्यानं तो माझ्या नाकासमोर नाचवला. “बघा वहिनी, नुसतं डांबर! बोअर गेला, रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागेल शेठ.”

“आणि नाही खोललं तर?” ह्यांनी विचारलं.

“तर दोन पाय आहेतच की.”

तोवर नवा प्लग घाला, जुना साफ करून हाताशी ठेवा, असं म्हणून त्यानं जुना घासायला घेतला. तारेच्या ब्रशनं काजळी उडायला लागली आणि माझा जीव जॉर्जेटमध्ये अडकला. डाग पडू नये म्हणून मी त्याच्या हातावरची नजर काढली नाही. ब्रश कुठं जातोय, फडकं कुठं झटकतोय, प्लग परत कसा बसवतोय. आधी नुसत्या बोटांनी आटे बसवायचे. सरळ जात असेल तरच पुढं. अडला तर जोर करायचा नाही, उलटा फिरवून पुन्हा लावायचा. आणि पाना शेवटी, नुसता आवळण्यापुरता. माझी सगळी विद्या ही अशी, साडी वाचवताना झालेली. साडीवर डाग पडलाच.

त्याच आठवड्यात घरात आणखी एक चमत्कार घडत होता. त्या गाडीला पेट्रोलमध्ये ठरावीक तेल मिसळावं लागायचं. त्याचा डबा गोठ्यातल्या फळीवर असायचा. तो आपोआप रिता व्हायला लागला. हे डबा हलवून बघायचे आणि माझ्या वेणीकडं संशयानं बघायचे.

“तू केसाला लावतेस का काय?”

“मी? हे तेल? माझं बदामाचं असतं!” मी तीन दिवस बोलले नाही. त्यांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

आणि मग एका पहाटे मी परसात निघाले होते. भातावरनं धुकं उठत होतं. तेव्हा आमच्याकडं आंबेमोहोर असायचा, आता सगळीकडं इंद्रायणी. आंबेमोहोर पोटरीतनं बाहेर पडला, की धुक्यालासुद्धा वास यायचा. गोठ्यात चिमणीचा उजेड दिसला. आत्याबाई उभ्या होत्या. एका हातात कढईतली पळी. टाकीचं झाकण काढून त्या हळूहळू तेल ओतत होत्या, एक थेंब बाहेर न सांडता. दुसरा हात टाकीवर, पाठीवरनं फिरवावा तसा फिरत होता.

“घे. खा. खिंडीत दमू नगंस. माज्या दत्तूला टायमात पोचीव, बाई.”

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. अहो आत्याबाई, ह्यानंच तर ती दमतेय! पण माझा पाय पुढं झाला नाही. मोठं मन वगैरे काही नाही हं. सकाळी सकाळी सासूची चूक काढली, तर त्याचे पडसाद पुढच्या पोळ्यापर्यंत ऐकायला लागतील, हा पहिला विचार. दुसरा विचार नंतर आला, आणि तो अजून गेलेला नाही. मुलाची नोकरी डुगडुगतेय हे त्यांना कळत होतं. त्यासाठी आपल्या हातानं काय करता येईल, तर हे एवढंच. ते करून त्या घरात येतील, चूल पेटवतील, आणि आपण आपलं केलं म्हणून त्यांचा दिवस नीट जाईल. त्यांना मी सांगायचं की बाई, तुमच्याच मायेनं तुमच्या पोराची भाकरी हातची चाललीय?

तेलाचा डबा लपवून बघितला. दुसऱ्या दिवशी टाकीच्या तोंडाला गोडेतेलाचा वास. डबा गुपचूप परत फळीवर ठेवला.

मग मी उद्योग सुरू केला. आत्याबाई तेल पाजून चुलीकडं गेल्या आणि हे आंघोळीला बसले, की तेवढ्या फटीत मी गोठ्यात. कालच्या धावेनं काळा झालेला प्लग काढायचा, घासलेला घालायचा. काळा पदरात बांधून आणायचा, दुपारी परसात बसून बाटलीतल्या पेट्रोलनं धुवायचा, काचपेपरनं घासायचा, फट ब्लेडनं मोजायची. पहाटे पुन्हा अदलाबदल. रोज धुतलेला प्लग मिळायला लागल्यावर गाडी खिंड चढायला लागली. हे खूश. “बघ, बसलं की नाही मशीन ठिकाणावर? मी कार्बोरेटर जरा सेट केला.” उस्तादही खूश, त्याला वाटलं त्याच्या प्लगची करामत. आत्याबाई सगळ्यांत खूश. “आता कशी अंगाला लागाय लागलीया,” त्या मला हळूच म्हणाल्या. मी म्हटलं, “व्हय, तकाकी आलीय.”

एकदा मला वाटलं, उस्ताद करतो तशी ठिणगी बघावी. प्लग बाहेर काढून टोपीला लावायचा, इंजिनाला टेकवायचा आणि किक मारायची. निळी ठिणगी दिसते. उस्ताद तो इंजिनाच्या ठोकळ्याला टेकवून ठेवतो. मी कौतुकानं तो लोखंडाशीच बोटांत धरला. पाय दवानं ओले. किक मारली, विजेचा झटका आला आणि पेंढ्यात जाऊन बसले, दोन बांगड्या फुटल्या, अंबाडा सुटला.

“काय पडलं गं?” चुलीपाशनं आवाज.

“काही नाही आत्याबाई! मांजर!”

“मांजराला म्हनावं, बांगड्या संबाळ.”

तेव्हा मला वाटलं, त्या सहज बोलल्या.

माझी नात आता लोणावळ्याच्या कॉलेजात बॅटरीच्या स्कूटरवर जाते. मी तिला विचारलं, हिचा प्लग कुठंय? ती म्हणाली, “आजी, हिला प्लगच नसतो. आत काही जळतच नाही.” मला बरं वाटलं तिच्यासाठी, आणि थोडं चुकल्याचुकल्यासारखंही. धूर नाही, काजळी नाही, रुसणं नाही. रात्री वायर लावायची, सकाळी काढायची. आमच्या पिढीतल्या बायकांनी माणसांची मनं अशी काळ्या-तपकिरी रंगांवरनं ओळखत आयुष्यं काढली. कोण पांढरं पडत चाललंय, कुणाला आपण फार पाजतोय. पोरगा कामावरनं आला आणि बोलला नाही, तर त्याच्या पुढ्यात वाढायचं की त्याला गप्प सोडायचं, हे मला अजूनही नक्की कळत नाही. मीही वाढतेच. मग सूनबाई डोळे वटारतात, “आई, त्यांना बसू द्या ना जरा!” आणि मी डाव परत पातेल्यात ठेवते. एवढं शिकले, यातच समाधान.

असो. दिवाळी तोंडावर आली. कापणी सुरू झाली होती. अर्धं भात आडवं पडून वाळत होतं, अर्धं उभं होतं. आदल्या संध्याकाळी हे सांगत आले, की साहेबांनी उद्या पहिल्या पाळीच्या आधी ऑफिसात बोलावलंय. कायम की ब्रेक, ते उद्याच ठरणार. “भोंग्याच्या आत हजर राहा,” असं मुद्दाम सांगितलं होतं. मी दोन्ही प्लग घासले, एक गाडीत बसवला, एक कोरडा करून फडक्यात गुंडाळून उशाशी ठेवला. मी मनात म्हटलं, आज आत्याबाईंना झोप येणार नाही.

पहाटे अदलाबदल करायची गरज नव्हती. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, देवापुढं हात जोडले आणि किक मारली. नुसतंच ‘भस्’ झालं. दुसरी मारली. तिसरी मारली. सायलेन्सरमधनं तेलाचा थेंब ठिपकला. ह्यांच्या कपाळावर घाम. चवथ्या किकेला त्यांनी गाडीला शिवी घातली, आणि आत्याबाई दारातनं ओरडल्या, “तिला बोलू नगं!”

मी टाकीचं झाकण काढून आत बघितलं. मग आत्याबाईंकडं बघितलं.

“आत्याबाई, आज किती घातलंत?”

“काय घातलं? कुणी?” हे किक सोडून उभे राहिले.

आत्याबाईंनी पदर सारखा केला. “तांब्याभर,” त्या म्हणाल्या. “आज त्याची लय नड हाय. म्हनलं, पोटभर जाऊं दे.”

ह्यांचं तोंड उघडं. आता ते जे बोलतील ते बोलून झाल्यावर परत घेता येणार नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या बारावीतलं काहीही आठवलं नाही. आठवली ती आत्याबाईंचीच बोली.

“आत्याबाई,” मी म्हटलं, “ही फुगलीय.”

“आं?”

“पोट फुगलंय हिचं. कालचं पचलेलं नाही, त्यावर आज तांब्याभर. श्वास घेता येईना झालाय तिला.”

त्या जवळ आल्या. सायलेन्सरखालचा थेंब बोटानं टिपून नाकाशी धरला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नाही, लाज नाही. फुगलेलं जनावर बघितल्यावर जी घाई येते, ती आली.

“आगं मग आदी न्हाई का बोलायचं? फुगल्यालं जनावर उपाशी ठेवत्यात! दत्तू, बघतोस काय तोंडाकडं? काढ तिच्या पोटातलं सारं!”

“आई, तू रोज...”

“रोजचं रोज बगू. आदी काढ!”

ह्यांनी नळी सोडून टाकीतलं घमेल्यात सोडलं. मी तोवर प्लग बाहेर काढला होता. ह्यांनी माझ्या हाताकडं बघितलं, पान्याकडं बघितलं. “हे तू कधी...?”

“नंतर सांगते. नुसत्या किक मारा, आतलं बाहेर उडू दे.”

मोकळ्या भोकातनं तेलाचे फवारे उडाले, इस्त्रीचा शर्ट थोडक्यात वाचला. फडक्यातला कोरडा प्लग मी बोटांनी लावला. घाईत आटा अडला. उलटा फिरवला, पुन्हा लावला, सरळ गेला. प्लग धुवायची पेट्रोलची बाटली मी आणली आणि टाकीत ओतली. तळाशी उरलेलं तेल तिला पुरेसं होतं. तरी किकेला ती उठेना. मग हे बसले आणि आम्ही दोघी मागं लागलो. मी ढकलत होते, आणि आत्याबाई ढकलत ढकलत तिला हाकत होत्या, जिभेनं टकटक करत, अगदी चिखलात रुतलेली जोडी बाहेर काढावी तशा. “हां, हां, चल माजी बाय! लाव जोर! लाव!”

उतारावर ह्यांनी गिअर टाकला. गाडीनं एक आचका दिला, खोकली, आणि केवढा तरी निळा धूर सोडून सुटली. वळणावर आवाज एकदा बारीक झाला. आम्ही दोघी वळणाकडं कान लावून उभ्या. मग तो पुन्हा भरला आणि खिंडीच्या दिशेनं जात राहिला, जात राहिला, मग भाताच्या पानांची सळसळ तेवढी उरली.

आत्याबाई गोठ्यात जाऊन रिकाम्या गव्हाणीच्या कडेवर बसल्या. मला वाटलं दम लागला असेल.

“उंद्यापास्नं काय घालू तिला?”

“काही नाही घालायचं, आत्याबाई. तिला लागतं तेवढं पंपावरच मिळतं.”

“काईच न्हाई?”

“काहीच नाही.”

त्यांनी हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडं बघत राहिल्या. “आपल्या हातचं काईच लागत न्हाई,” त्या म्हणाल्या, “तर मग ती आपली कशी म्हनायची?”

खांदेमळणीच्या दिवशी मला हसून उचकी लागली होती, तेव्हा त्या हाच प्रश्न विचारत होत्या, फक्त लोण्या-हळदीनं. माझ्या मुठीत नुकताच काढलेला प्लग होता, आतल्या काजळीनं पुन्हा काळा, तेलानं माखलेला. तोच मी त्यांच्या तळहातावर ठेवला.

“हे काय गं?”

“हा खातो सगळं. ह्याला रोज घासावं लागतं.”

त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. “एवढुसा? दात किडल्यागत झालाय की.” आणि तिथल्या तिथं उठून चुलीतली राख घेऊन आल्या, उंबऱ्यावर बसल्या, आणि मिश्री लावतात तशा तर्जनीनं त्याला घासायला लागल्या. मी काचपेपर पुढं केला. “ऱ्हाऊ दे तुजा कागद,” म्हणाल्या. “आन् त्या मांजरानं इतके दिस एकटीनं घासला व्हय? सांगायचं की. दोघी बसलो असतो.”

त्या दिवशी कापणीला आम्ही उशिरा गेलो. आत्याबाई कापणाऱ्यांच्या ओळीत विळा चालवत होत्या, पण दर थोड्या वेळानं कमरेला खोचलेला प्लग काढून पदरानं पुसत होत्या. घासून संपतच नव्हतं त्यांचं. संध्याकाळपर्यंत दोन्ही हातांची बोटं पेरापेरापर्यंत काळी झाली होती.

दिवे लागायच्या वेळेला खिंडीकडनं आवाज आला. गाडी अंगणात येऊन थांबली. हे उतरले, आणि काही बोलायच्या आधी त्यांनी वाकून आईच्या पायाला हात लावला. मग म्हणाले, “कायम झालो.”

आत्याबाईंनी त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं. किती वेळ धरलं होतं! तोंडावरनं हात फिरवून त्यांनी कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली आणि आत भात वाढायला गेल्या. ह्यांच्या दोन्ही गालांवर काजळीचे लांबच लांब पट्टे उमटले होते, बारशाच्या पोराला लावलेल्या तिटेसारखे. त्यांना पत्ता नव्हता. तसेच पाटावर बसले, तसेच जेवले, शेजारीपाजारी पेढे मागायला आले त्यांच्याशी तसेच ऐटीत बोलले.

मी सगळं बघत होते. पुसा म्हणून सांगितलं नाही.